उंदरांपुरती लस

खारमाचीच्या नाक्यावरच्या फ्लेक्सवर हेमालीचा फोटो डाव्या कोपऱ्यात होता आणि तिच्या भावाचा, विपुलचा, मधोमध. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'स्मृतिभ्रंशावर लस शोधणारी खारमाचीची कन्या!' खाली शुभेच्छुकांची रांग, निम्म्यांनी काळे चष्मे लावलेले. हेमाली पोयनाडहून आलेल्या रिक्षातून उतरली, मान वर करून तिने ते सगळं वाचलं. लस तिने एकटीने शोधली नव्हती. आणि आजवर ती ज्यांना लागू पडली होती, त्यांच्यातल्या एकालाही वाचता येत नव्हतं. ते उंदीर होते.

पनवेलजवळच्या एका औद्योगिक वसाहतीतल्या खासगी प्रयोगशाळेत ती काम करायची. खारमाचीच्या मिठागरवाल्यांत पीएच.डी. झालेली ती पहिलीच. गावात विचारलं तर लोक सांगायचे, "हेमू उंदरांची डॉक्टर हाय." त्यात चेष्टा थोडी आणि अभिमान जास्त असायचा.

उंदराला अल्झायमर होत नाही. तो म्हातारा होतो, त्याचे केस झडतात, डोळे जातात, पण हा आजार त्याच्या वाट्याला येत नाही. म्हणून माणसातलं बिघडलेलं जनुक त्याच्यात घालून तसे उंदीर मुद्दाम पैदा केले जातात. जरा मोठे झाले की त्यांच्या मेंदूत एका चिकट प्रथिनाच्या गाठी साचायला लागतात आणि ते शिकलेलं विसरतात. हेमालीच्या प्रयोगशाळेतली लस शरीराला त्या प्रथिनाशी लढायला शिकवायची. निम्म्या उंदरांना लस, निम्म्यांना नुसतं सलाईन. मग एका गोल हौदात दुधाची पावडर कालवून पाणी पांढरं करायचं, पाण्याखाली बोटभर खोल एक छोटा ओटा ठेवायचा आणि उंदराला सोडायचं. ओटा दिसत नाही, कालचा आठवावा लागतो. सलाईनवाले उंदीर कडेकडेने गोल गोल पोहत राहायचे, दमायचे, शेवटी त्यांना हाताने उचलावं लागायचं. लसवाले सरळ ओट्याकडे जायचे, वर चढायचे आणि मिशा पुसत बसायचे.

पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा हेमाली बाथरूममध्ये जाऊन रडली होती. कारण घरी तिची आई, गोदाबाय, त्याच सुमारास कडेकडेने पोहायला लागली होती.

बातमीचं असं झालं. प्रयोगशाळेत एक परदेशी भागीदार कंपनी पैसे घालणार होती आणि त्याआधी जरा गाजावाजा हवा होता. विभागाचे प्रमुख पियूष सर. माणूस हुशार, बोलायला गोड. ते म्हणाले, "हेमाली, पत्रकारांशी तू बोल. तू इथली आहेस, मराठीत छान सांगशील. आणि आईचं सांग. लोकांना ते भिडतं."

तिने सांगितलं. उंदरांवरचा प्रयोग आहे, माणसांपर्यंत यायला कित्येक वर्षं लागतील, कदाचित येणारही नाही, हे तिने तीनतीनदा सांगितलं. पण पत्रकाराने शेवटी विचारलं, "मॅडम, हे सगळं कुणासाठी?" तेव्हा कॅमेऱ्याकडे बघून ती म्हणाली, "माझ्या आईसाठी." म्हणताना तिचा गळा खरोखरच दाटून आला होता, आणि खरं सांगायचं तर आपला गळा दाटलाय हे तिला आवडलंही होतं. बातमीत उंदीर एका ओळीत आटोपले. आई मथळ्यात आली.

घरी पोचली तेव्हा गोदाबाय ओटीवर पाय पसरून बसली होती. उभी हयात मिठागरात गेलेली बाई. मिठाने फुटलेल्या टाचांवरच्या भेगा आता कुठे बुजल्या होत्या. मिठागरच राहिलं नव्हतं. भराव टाकून तिथे ट्रेलर उभे करायचं यार्ड झालं होतं आणि त्यात विपुलचा हिस्सा होता. पण गोदाबायच्या डोक्यातलं मिठागर शाबूत होतं. सकाळी कुणाचा डोळा चुकला की ती टोपली घेऊन तिकडे निघायची आणि ड्रायव्हरांच्या अंगावर ओरडायची, "मेल्यांनो, मीठ तुडवताव काय! पाय धुवून या!" ड्रायव्हर हसायचे. एकाने तिचा व्हिडिओ काढून सगळीकडे पाठवला तेव्हा विपुलने त्याच्या कानाखाली काढली होती.

"आय, कोण आलंय बघ," वहिनी म्हणाली. अमिषा वहिनी, विपुलची बायको. गोदाबायचं न्हाणंधुणं, खाणं, रात्रीचं उठणं सगळं तिच्याच अंगावर.

गोदाबायने हेमालीकडे बघितलं, हसली, आणि परक्या बाईला म्हणावं तसं म्हणाली, "या. बसा. चाय घेवाची ना?"

हेमाली तिच्याजवळ बसली. गोदाबायने तिचा हात हातात घेऊन कुरवाळला. कोण आहे ते कळत नव्हतं, पण कुणीतरी आपलं आहे एवढं तिला कळायचं. हेमालीला तेवढ्यावर दिवस काढता यायचे.

जेवणं झाल्यावर विपुलने विषय काढला. "मग, आयला कवा द्यायची लस?"

"दादा, ती माणसांसाठी नाय अजून. फक्त उंदरांवर झालंय."

"उंदरांना गुण आला ना?"

"आला."

"मग झालं तर."

"माणूस म्हणजे मोठा उंदीर नाय, दादा. मागे परदेशात अशीच एक लस माणसांना दिली होती. उंदरांना काय एक त्रास झाला नव्हता. माणसांच्या मेंदूला सूज आली. थांबवायला लागलं सगळं."

"सगल्यांना आली सूज?"

"सगळ्यांना नाय. काही जणांना."

"मग ज्यांना नाय आली त्यांच्यात आपली आय."

"असं नसतं रे."

"कसं नसतं?" विपुलचा आवाज चढला. "आयचं आता बिघडायचं काय उरलंय? काल मना दादा म्हनाली. तिचा भाऊ समजली मना. तू पेपरात छाती ठोकून सांगतेस, आयसाठी करते म्हनून. मग कर ना आयसाठी. एक बाटली खिशात घालून आनायला काय जातंय तुझं?"

"तुरुंगात जाईन मी. आणि आय मरेल."

"उंदरांना वाचवतेस आणि आयला नाय. उंदीर तुझे कोण लागतात गं?"

अमिषा भांडी आवरता आवरता म्हणाली, "अवो, जाऊ द्या ना." विपुल उठून गेला. दुसऱ्या दिवशी गावाने ठेवलेल्या सत्काराला त्याने हेमालीच्या हातात नारळ आणि शाल दिली, फोटोसाठी हसलासुद्धा. पण ती निघाली तेव्हा नेहमीसारखा नाक्यापर्यंत सोडायला आला नाही.

त्या वेळी हेमालीला एक गोष्ट ठाऊक होती, ती तिने घरात कुणाला सांगितली नव्हती. आत्तापर्यंतचे सगळे गोडवे तरुण उंदरांचे होते. त्यांना गाठी साचायच्या आधीच लस दिलेली होती. हेमालीनेच हट्ट धरून म्हाताऱ्या उंदरांचा एक गट जोडून घेतला होता. मेंदू गाठींनी भरलेले, शिकलेलं विसरून गेलेले, म्हणजे गोदाबायच्याच पायरीवरचे. त्यांना लस दिल्याला बरेच महिने झाले होते आणि आता त्यांच्या परीक्षेचे दिवस आले होते.

म्हातारे उंदीर पांढऱ्या पाण्यात सोडले आणि ते कडेकडेने पोहत राहिले. लसवाले आणि सलाईनवाले, दोघेही सारखेच. दुसऱ्या दिवशी तेच. पूर्ण आठवडा तेच. एक उंदीर पोहणं सोडून नुसता तरंगत राहिला, तेव्हा हेमालीने त्याला काढून टॉवेलमध्ये धरलं आणि त्याच्या छातीची थरथर तळव्याला कळत राहिली.

प्रयोग संपला की सगळ्यांना मारायचं असतं. ज्यांना आठवलं त्यांनाही आणि ज्यांना नाही आठवलं त्यांनाही. मेंदू उघडून बघितल्याशिवाय आत काय झालं ते कळत नाही. पेटीत वायू सोडायचं काम कनिष्ठ लोकांवर सोपवता येतं, पण हेमाली ते स्वतः करायची. ज्या हाताने खायला घातलं त्याच हाताने, असा तिचा आपला एक नियम होता. त्या नियमाने उंदरांना काही फरक पडत नव्हता.

म्हाताऱ्यांच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली आले. गाठी खरंच विरल्या होत्या. लसीने आपलं काम चोख केलं होतं. पण आठवण परत आली नव्हती. घरातला कचरा काढला म्हणून गेलेली माणसं परत येत नाहीत, तसंच. आणि रक्तवाहिन्यांच्या कडेला बारीक तपकिरी ठिपके होते, एका कापात, दुसऱ्यात, जवळजवळ सगळ्यांत. रक्त झिरपलेलं होतं. गाठी काढता काढता लसीने नळ्याच कमकुवत केल्या होत्या.

ती पियूष सरांकडे गेली. त्यांनी काप शांतपणे बघितले, चष्मा काढून डोळे चोळले.

"अनपेक्षित नाही हे," ते म्हणाले. "आधीच्या शोधनिबंधांत आहे असं."

"मग भागीदारांना दाखवायच्या मांडणीत घालूया ना, सर. म्हाताऱ्या मेंदूवर चालत नाही, उलट रक्तस्राव होतो, एवढं तरी."

"घालू. पुढच्या टप्प्यात. वेगळा अभ्यास म्हणून."

"पण बातमी तर आलीये. लोकांना वाटतंय लस झाली."

पियूष सर हसले. त्यात कुचेष्टा नव्हती, समजूत काढायचा सूर होता. "हेमाली, उंदरांवरची बातमी वाचून कुणी लस टोचून घ्यायला जात नाही. लोक वाचतात, पुढे पाठवतात आणि विसरतात."

हेमालीने वाद घालायला हवा होता. पण नोकरीचं नूतनीकरण तोंडावर होतं आणि सर तिच्याशी नेहमी चांगलेच वागले होते. ती आपल्या जागेवर जाऊन बसली आणि उरलेले काप रंगवत राहिली.

पाऊस संपून हवा जरा कोरडी झाली, तेव्हा एका दुपारी अमिषाचा फोन आला. अमिषा सहसा फोन करत नसे. केला तरी आधी चार इकडचं तिकडचं बोलायची. या वेळी तिने एकदम विचारलं, "ताई, त्या लसीनं ताप येतो का वो?"

"कुठल्या लसीने?"

"तुमच्याच. आयला दिली ती." मग अमिषालाच शंका आली. "तुमाला ठाव नाय? हे तर म्हनाले, हेमूनंच सोय केली."

हेमाली अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली. वाटेत फोनवर अमिषाकडून तुकड्या-तुकड्याने कळलं ते असं. अलिबागला एका गाळ्यात कुणी डॉक्टर कुलदीप बसायला लागला होता. बाहेर पाटी, 'स्मृती केंद्र'. आत भिंतीवर हेमालीची बातमी, फोटोसकट, मोठी करून लावलेली. विपुलने ती बघितली आणि त्याचा जीव भांड्यात पडला. बहिणीला उघड उघड देता येत नाही, म्हणून तिने या माणसाच्या हातून वाट काढली असणार, असं त्याला वाटलं. डॉक्टरनेही डोळा मिचकावून म्हटलं, "मॅडमचं नाव घेऊ नका. त्यांची नोकरी जाईल." मग तर विपुलला खात्रीच पटली. बहिणीला उंदीर जवळचे म्हणून बोललो याची त्याला लाजही वाटली होती. म्हणून त्याने फोन करून विचारलं नाही. तिला अडचणीत कशाला आणा!

तीन वेळा टोचलं. पहिल्यांदा गोदाबायने काही केलं नाही. दुसऱ्यांदा तिने सुई बघताच हात मागे घेतला. तिसऱ्यांदा विपुलने खांदे धरले आणि कंपाउंडरने दंड. विपुल तिच्या कानाशी सांगत होता, "आय, हेमूनं पाठवलंय. हेमूचं औषध हाय. ही बघ हेमू," आणि भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवत होता. गोदाबाय त्या फोटोकडे बघत ओरडत होती.

तिच्या दंडाला गळू झालं होतं आणि विष रक्तात उतरलं होतं. अलिबागच्या एका खासगी इस्पितळात तिला अतिदक्षता विभागात ठेवलं. डॉक्टरांनी दंड चिरून पू काढला, मांस खरवडलं. विपुल बाहेर बाकावर बसला होता. एरवी चार माणसांत आवाज चढवून बोलणारा गडी, पण त्या दिवशी हेमालीला बघून तो उठला आणि पुन्हा खाली बसला.

"तू पाठवली नव्हतीस?" त्याने विचारलं.

"नाय, दादा."

"नाय?"

"नाय."

त्याने खिशातून रिकामी कुपी काढून तिच्या हातात दिली. तिच्यात तळाशी थेंबभर काहीतरी होतं. हेमालीने ते त्याच संध्याकाळी तपासून घेतलं. सलाईन आणि थोडंसं जीवनसत्त्व. सुई घाण होती, एवढंच काय ते औषध.

"म्हंजे मिठाचं पानी," विपुल म्हणाला. "मिठागरवालीला मिठाचं पानी टोचून आणलं मी." आणि तो असा हसला, की शेजारची बाई उठून दुसरीकडे जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी आईचा ताप उतरायला लागल्यावर हेमाली एकटीच त्या गाळ्यात गेली. बाकं भरलेली होती. रेवदंड्याचं एक कोळी जोडपं, चौलकडची एक बाई आपल्या सासऱ्याला घेऊन, एक निवृत्त मास्तर शर्टाची बटणं वरखाली लावून बसलेले, शेजारी त्यांची मुलगी. आणि सगळ्यांच्या डोक्यावर, भिंतीवर, तिचा स्वतःचा चेहरा. गळा दाटलेला.

कोळीणबाईने आधी फोटोकडे आणि मग हेमालीकडे बघितलं. "अगो, याच त्या!" सगळं बाक उठून उभं राहिलं. कुणी हात जोडले. मास्तरांच्या मुलीने तिच्या पायाला हात लावला.

"ऐका," हेमाली म्हणाली. "हे खोटं आहे. अशी लस माणसांसाठी नाहीच. इथे देतात ते नुसतं सलाईन आहे. माझी आई याच सुईने इस्पितळात पडलीये. उठा आणि घरी जा."

कुणी उठलं नाही.

"पन बाय, तुमचा तं फोटू हाय," कोळी म्हणाला. त्याची बायको त्याचा सदरा घट्ट धरून होती. विसरणारी ती होती की तो, हे पटकन कळत नव्हतं.

"फोटो माझा आहे. पण मी उंदरांवरचं सांगितलं होतं. तेही तरुण उंदरांचं. म्हाताऱ्या उंदरांना काही फायदा झाला नाही. उलट त्यांच्या डोक्यात रक्त झिरपलं."

"ते पेपरात कुटं व्हतं?"

पेपरात ते कुठेच नव्हतं.

तेवढ्यात आतून कुलदीप बाहेर आला. पांढरा कोट, नीट विंचरलेले केस. तो घाबरला नव्हता. त्याने हेमालीला नमस्कार केला आणि लोकांकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "मॅडमना असं बोलावंच लागतं. कंपनीची माणसं मागावर आहेत. तुम्ही समजून घ्या."

आणि लोकांनी समजून घेतलं. चौलकडच्या बाईने तर मान डोलावली. मास्तरांची मुलगी, जिने आत्ता पायाला हात लावला होता, तिच्या डोळ्यांत मात्र राग आला. "मोठ्या लोकांसाठी राखून ठेवायची असेल," ती म्हणाली. "आमच्यापर्यंत आली की ती खोटी होते. तुमच्या आईला मिळाली ना? मग आमच्या बाबांना का नको?"

"आईला मिळाली म्हणूनच ती..."

"जा हो, मॅडम. नंबर लागलाय आमचा."

हेमालीने भिंतीवरची चौकट ओढून काढली. काच फुटून तिचा अंगठा कापला. कुणीतरी ओरडलं, कंपाउंडरने तिला दाराबाहेर काढलं. मागे वळून बघितलं तेव्हा कोळी खाली वाकून काचा गोळा करत होता, बायकोच्या पायाला लागू नयेत म्हणून.

तिने पोलिसांत तक्रार दिली. हवालदार बरा माणूस होता, त्याने सगळं लिहून घेतलं. फक्त मध्येच थांबून विचारलं, "म्हणजे फोटो तुमचाच, बातमी तुमचीच, पेशंट तुमच्याच आई आणि घेऊन गेले तुमचे भाऊ. बरोबर?" बरोबर होतं. गाळ्यावर पोलीस गेले तोवर कुलूप होतं. कुलदीप पुढे कुठे गेला ते कळलं नाही. एवढं मात्र ऐकू आलं, की श्रीवर्धनकडे असंच एक केंद्र निघालंय आणि तिथेही एका बाईचा फोटो आहे. तो हेमालीचाच की दुसऱ्या कुणाचा, ते बघायला ती गेली नाही.

ज्या पत्रकाराने बातमी छापली होती, त्याला तिने खुलासा छापायला सांगितलं. छापला, आतल्या पानावर, भरती-ओहोटीच्या वेळांखाली, चार ओळींत. तो कुणीच पुढे पाठवला नाही.

भागीदारांच्या बैठकीत पियूष सरांची मांडणी संपल्यावर हेमाली उभी राहिली आणि म्हाताऱ्या उंदरांचे काप तिने पडद्यावर लावले. गाठी विरलेल्या, आठवण न आलेली, तपकिरी ठिपके. आता काहीतरी कोसळणार, असं तिला वाटलं होतं. परदेशी पाहुण्यांनी लक्ष देऊन ऐकलं, दोन प्रश्न विचारले, आभार मानले. त्यांना या गोष्टी नव्या नव्हत्या. करार झाला. फक्त त्यात 'आजाराच्या आधीच्या व्यक्तींसाठी' एवढे शब्द वाढले. पियूष सर नंतर तिला म्हणाले, "माझ्या पाठीमागून करायची काय गरज होती? मी नाही म्हटलं होतं का?" त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं. पुढे तिच्या नोकरीचं नूतनीकरण झालं नाही. अलिबागच्या बाजूला एका फार्मसी कॉलेजात तिला शिकवायचं काम मिळालं. तिथे तिने पहिल्या वर्षाच्या मुलांना उंदीर कसा धरायचा ते शिकवलं.

मधल्या काळात गोदाबाय घरी आली. दंडात खड्डा राहिला, पण जीव वाचला. हेमाली पहिल्या रविवारी पेरू घेऊन गेली. ओटीवरून आत पाऊल टाकलं आणि गोदाबायने तिच्याकडे बघितलं. आधी नुसतं बघितलं. मग तिचं तोंड वाकडं झालं, ती भिंतीला सरकत गेली आणि किंचाळली, "सुईवाली! सुईवाली आली! अमिषा, हिला काढ बाहेर!"

"आय, मी हेमू," हेमाली म्हणाली आणि एक पाऊल पुढे आली. गोदाबायने बऱ्या हाताने दुखऱ्या दंडावर पदर ओढून घेतला आणि लुगडं ओलं केलं.

हेमालीला याचं कारण पक्कं माहीत होतं. नाव-गाव, काल-परवा, पोटची पोरं, हे मेंदूच्या एका भागात राहतं आणि ते आधी जातं. भीती दुसऱ्या भागात राहते, खोल, आणि ती शेवटपर्यंत टिकते. पुढे कॉलेजात तिने हे मुलांना फळ्यावर काढूनही दाखवलं. आईला विपुल आठवला नाही, कंपाउंडर आठवला नाही, गाळा आठवला नाही. भिंतीवरचा चेहरा तेवढा आठवला.

तिने निळा चष्मा लावून बघितला, डोक्यावरून ओढणी घेऊन बघितली, वहिनीची साडी नेसून बघितली. एकदा गोदाबाय फसली, दोन घास खाल्ले, आणि मग मान वर करून तिने निरखून बघितलं. त्यानंतर हेमालीने ते सोडून दिलं.

विपुल आता तिच्याशी भांडत नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. तो तिच्यासाठी खुर्ची आणून देतो, "बस" म्हणतो आणि यार्डात निघून जातो. नाक्यावरचा फ्लेक्स त्याने स्वतः उतरवला. तो आता पडवीत लाकडांवर टाकलेला असतो, उलटा.

हेमाली अजून रविवारी जाते. ती बाहेर पडवीत बसते, दाराच्या आड, आतून दिसणार नाही अशी. आत अमिषा सासूला जेवू घालते आणि दोघींचं बोलणं ऐकू येतं. गेल्या रविवारी गोदाबायचा आवाज बरा होता, चढा, मिठागरातून पलीकडच्या खाजणाच्या चिखलापर्यंत हाक जायची तसा.

"अमिषा, पानी आलं काय गं खाजनात?"

"आलं, आय."

"मंग निवटे भेटले असतील. मासलीचं कालवन केलंस?"

"केलंय ना. घ्या, खा."

"मना नको सगलं. माझ्या हेमूला ठेव." घास गिळायला ती थांबली. "ती शिकाला गेलीय पनवेलला. लय हुशार हाय पोर. भुकेली येल. येवाची ती आता."

"ठेवते, आय."

"वरचं वरचं पानी नको देवस. निवटे दे तिला."

"व्हय, आय."

थोड्या वेळाने अमिषा बाहेर आली. तिच्या हातात थाळी होती. भाकरी, भात आणि कालवणात दोन मोठे निवटे. तिने ती हेमालीच्या मांडीवर ठेवली, तिच्याकडे न बघता पदराने हात पुसले आणि दार ओढून घेतलं. आतून पुन्हा आवाज आला, "कोन हाय गं भायेर?"

"कुनी नाय, आय," अमिषा म्हणाली.

हेमालीने भाकरी मोडली आणि आवाज होऊ न देता जेवायला सुरुवात केली.